दाजींनी सैल सोडलेलं चाक

हे तुम्हाला पटणार नाही. पटू नयेच. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला गार पाणी देऊन, पाठीवरून हात फिरवून घरी पाठवला असता. पण मी बर्फाच्या लादीवर बसून उतार उतरलेला माणूस आहे. भर दुपारी, डांबरी रस्त्यावरून. खाली पोचलो तेव्हा त्या लादीची साबणाची वडी उरली होती. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पुढे हसण्यासारखं फार नाही.

ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. म्हणजे, ताई जागी असताना सांगत नाही. त्या दिवशी जेवणं झाली, ताई आतल्या खोलीत आडवी झाली, तिचं घोरणं लागलं, आणि बाहेरच्या खोलीत आमच्या जावईबापूंनी सायकल उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीला, चाकं वर, उताण्या पडलेल्या झुरळासारखी. पुढच्या चाकाचा टायर काढलेला. फोर्कच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे चिमटे, चिमट्यांत काडेपेटीतल्या काड्या, काड्यांची टोकं रिमला टेकतील न टेकतील अशी. जावईबापू चाक फिरवायचे, काडी कुठे खरखरते ते कान देऊन ऐकायचे, आणि तिथल्या तारेला चावी लावायचे. चाक फिरताना दारू प्यायल्यासारखं डावीउजवीकडे झुकत होतं. सायकलवाले याला म्हणतात चाक आऊट झालंय, आणि ते सरळ करायचं म्हणजे आऊट काढायचा.

"दुकानात द्या की," मी म्हटलं.

"मामा, यात दुकानात देण्यासारखं काय आहे? सगळं मोबाईलवर बघून घेतलंय. एवढा आऊट निघाला की लेकीला मागे बसवून पुलावरून एक चक्कर मारून आणतो."

ठकी, म्हणजे माझी भाची, म्हणजे याच जावईबापूंची बायको, खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. शेंग फुटल्याचा आवाज यायचा, मग दाणे पातेल्यात पडल्याचा.

"जावईबापू, ती चावी जरा खाली ठेवा. तुमच्या सासऱ्यांनीही घरीच आऊट काढला होता. तेवढं ऐका, मग काय हवं ते करा."

"बर्फाची का?" ठकी म्हणाली. "सांग, सांग. यांनी ऐकलेली नाही."

तर तुमचे सासरे, म्हणजे आमचे दाजी, शिंपी होते हे तुम्हाला माहीत आहे. पण कसले शिंपी, हे नाही माहीत. अंग कसंही असो, दाजी त्यावर कापड बसवणार. एका पोक आलेल्या मास्तरांना त्यांनी असा कोट शिवून दिला की पुढच्या आठवड्यात मास्तर ताठ झाले, आणि आता कोट पाठीत बसत नाही म्हणून भांडायला आले.

"मामा, काहीही!"

"मास्तरांना विचारा."

"कुठे असतात ते?"

"आता कुठे असणार! कोट काढला आणि गेले."

ठकी खुदकन हसली. मला जरा बरं वाटलं. गोष्ट सांगताना ऐकणारा एकदा हसला की पुढचं त्याच्या गळी उतरवणं सोपं जातं.

दाजींची एक रीत होती, ती नीट ध्यानात घ्या, सगळं त्या रीतीवरच आहे. शिवण ओढतेय, कापडाला चुणी पडतेय असं दिसलं, की दाजी ज्या बाजूनं ओढ आहे तिथला टाका सोडायचे. कापड कधी ताणून बसवायचे नाहीत. "जे ओढतंय त्याला मोकळं करा," म्हणायचे, "मग कापड आपसूक सपाट पडतं." बायकोशीही असेच वागायचे. म्हणून तर ताईचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू यायचा आणि दाजींचा शेजारच्या खुर्चीलाही नाही.

त्यांचं घर चढाच्या अगदी वर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. दारातून निघालेला रस्ता सरळ खाली जायचा, निम्म्यावर एकदम डावीकडे वळायचा, आणि मग शाळा. त्या वळणावर उजव्या हाताला गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे खाण. दगड काढून काढून सोडून दिलेली. मी तिथून रोज जायचो आणि रोज तोंड दुसरीकडे करायचो.

मी तेव्हा बर्फाच्या कारखान्यात होतो. हातगाडीवर लाद्या, वर भुसा, वर गोणपाट. दुकानं, दवाखाना, सगळीकडे पोचवायच्या. त्या दिवशी शेवटची लादी तेवढी राहिली होती. गाडी दारात लावली, चाकाखाली दगड सरकवला आणि पाणी प्यायला आत शिरलो. बघतो तर मशीनवर कापड नाही, आणि दाजी जमिनीवर मांडी घालून बसलेले. समोर उलटी सायकल.

काय थाट होता! तुमच्या काड्या नि चिमटे झक मारतील. फोर्कच्या दोन्ही दांड्यांना दोऱ्यानं गुंडाळून गोधडी शिवायच्या लांब सुया बांधलेल्या, अणकुचीदार टोकं रिमकडे. चाक फिरवलं की जिथं रिम सुईला लागेल तिथं टिक् असा आवाज यायचा. तिथं दाजी शिंप्याचा निळा खडू टेकवायचे. तारेच्या टोकाला, रिमपाशी, एक बारीक पितळी टोपी असते ना, ती एका बाजूला फिरवली की तार ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूला फिरवली की सैल होते. ती फिरवायला दाजींनी जुन्या कात्रीच्या पात्याला खाच पाडून चावी केली होती. तोंडात दोन टाचण्या. टाचण्यांचं चाकाशी काही काम नव्हतं, पण त्याशिवाय दाजींना विचार करता येत नसे.

"ऐक," ते टाचण्यांमधून म्हणाले आणि चाकाला टिचकी दिली. चाक फिरलं. दोन सुयांच्या मधून रिम फिरत राहिली आणि टिक् झालं नाही. एकदाही नाही. चाक फिरतंय की थांबलंय तेच कळेना, इतकं सरळ. मी तर म्हटलं, दाजी, मशीन विका आणि सायकलचं दुकान टाका.

टायर चढला, हवा भरली, सायकल सुलटी झाली. ताईनं मागे कॅरिअरवर शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा बांधला, हा एवढा, तिच्या डोक्याच्या वर जाणारा. पुढे दांड्यावर लाकडी फळी होती, ठकीची बैठक. ठकी तेव्हा चार वर्षांचीही नसेल. ती चढून बसली आणि हँडल मधोमध धरून भोंग्याचा आवाज काढायला लागली.

"सावकाश गं," दाजी म्हणाले.

"तुम्ही शिवलेलं चाक आहे, जपूनच जाणार," ताई म्हणाली आणि टांग मारून निघाली.

मी पाणी पीत होतो. सहज विचारलं, अगदी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून. "तारा बऱ्याच आवळाव्या लागल्या असतील?"

"आवळल्या?" दाजी सुया सोडवत होते. "छे. एकही नाही. आवळायचं कशाला? जी तार ओढत होती ती सोडली. मग दुसरीकडून ओढ आली, तिकडची सोडली. सगळ्यांना मोकळं केलं, मग बघ कसं सपाट पडलं."

जावईबापू, तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंय की तुम्हाला अजून उलगडलेलं नाही. मलाही क्षणभर नाही उलगडलं. पाणी घशाखाली उतरलं, आणि पाठोपाठ दाजी काय बोलले ते डोक्यात उतरलं.

मी रोज गाडीवर बर्फ वाहणारा माणूस. चाकावर ओझं पडलं की काय होतं ते माझ्या मनगटांना ठाऊक. सायकलचं चाक तारांवर उभं नसतं हो, ताणावर उभं असतं. सगळ्या तारा एकमेकींना खेचून धरतात म्हणून ती पातळ रिम गोल राहते. बोटानं छेडली तर तार टिंग वाजली पाहिजे. दाजींनी त्या सगळ्यांना मोकळं केलं होतं. दिसायला चाक सरळ, आत मात्र ढिला पायजमा. सरळ रस्त्यावर ते जाईल. पण वळणावर, तिरकं होऊन, वर बाईचा, पोरीचा नि गठ्ठ्याचा भार पडला, की ते चाक नुसतं डगमगणार नव्हतं. ते एकदम पालथं पडणार होतं.

आणि वळणापाशी खाण.

"दाजी," मी म्हटलं. मी नुसताच तोंडासमोर हातानं चाक करून ते दुमडून दाखवत होतो. दाजी माझ्याकडे बघत राहिले, मग हातातल्या सुईकडे, मग उघड्या दाराकडे. त्यांच्या तोंडातून टाचण्या गळून पडल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन टाचण्या फरशीवर पडल्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी बाहेर धावलो. ताई निघून गेली होती. उताराच्या वरच्या टप्प्यावर तिची पाठ दिसत होती. पाठ कसली, गठ्ठाच.

"मग हाक मारायची ना!" जावईबापू म्हणाले. चावी त्यांच्या हातात तशीच होती.

तीच तर गोम. हाक मारली की ती काय करणार? मान वळवून मागे बघणार. मागे बघताना हँडल आपोआप वळतं. नाहीतर पुढचा ब्रेक दाबणार. दोन्हींत ते चाक तिथल्या तिथे गेलं असतं. गळ्यात एवढी मोठी हाक येऊन बसलेली आणि ती बाहेर सोडायची नाही. मी शर्टाची कॉलर दातांत धरली, जावईबापू. हसू नका. तुमची माणसं समोर मरणाकडे चाललीत आणि तुम्ही आवाज करायचा नाही, असं कधी झालंय तुमच्यावर? होऊ नये.

पळून गाठणं शक्य नव्हतं. ती उतारावर होती, पायडल न मारता चालली होती. मी गाडीकडे वळलो. चाकाखालचा दगड लाथेनं उडवला, गाडीवर पोटानं झेप घेतली, आणि गाडी पहिल्याच खड्ड्यात तोंडावर आपटली. गाडी तिथंच राहिली. लादी मात्र गोणपाटासकट सुटली आणि गोणपाटावर मी.

"लादीवर?"

"लादीवर."

"डांबरी रस्त्यावरून? बर्फ डांबरावर घसरत नाही मामा. घासतो तो."

"घासतच होता! धूर निघत होता खालून."

"बर्फातून धूर?"

"वाफ म्हणा तुम्ही, तुमचं शिक्षण झालंय. मला तेव्हा धूर दिसला."

जावईबापूंनी ठकीकडे बघितलं. ठकी मटार सोलत होती. "चालू दे," ती म्हणाली.

तर लादी सुटली. दोन्ही बाजूंची घरं, दारं, वाळत घातलेले कपडे, सगळं एका रेघेसारखं मागे जात होतं. एका म्हातारबाबांच्या हातातलं वर्तमानपत्र मी जाताना उडवलं, ते माझ्या तोंडावर बसलं, आणि ते बाजूला करेपर्यंत, आता खरं सांगतो, मी निम्मी बातमी वाचली. पाण्याची रेघ मागे सोडत चाललो होतो. लादी माझ्याखाली बारीक होत होती. बसलो तेव्हा गादीएवढी होती. दवाखान्यापाशी उशीएवढी. मांड्यांतून वर गारठा चढत होता, आणि अंगाला मात्र घाम. गारठ्यात घाम फुटतो तेव्हा माणूस खरा घाबरलेला असतो.

आणि पुढे ताई. आता तिचं चाक दिसायला लागलं होतं. बाकी कुणाला काही दिसलं नसतं. मला दिसलं. रिम सरळच होती, पण तिच्यात जीव नव्हता. लहानशा खडीवरून गेली तरी खालची बाजू किंचित दबायची आणि परत फुगायची. पाण्यातली सावली कशी हलते, तशी. आणि आवाज. टिंग नाही. ठप. ठप. ठप. ओल्या कपड्यावर कुणी बोट मारावं तसा. ठकी भोंगा वाजवत होती. पों, पों. मधेच तिनं दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवल्या. ताई तिला काहीतरी म्हणाली, ओरडली नसावी, कारण ठकी हसली.

मी माणूस फार देवभोळा नाही. पण त्या वेळी मी लादीशी बोलत होतो. वितळू नकोस बाई, म्हटलं, वळणापर्यंत टीक. पुढे तुझं काय ते होऊ दे. लादी ताटाएवढी झाली. मग बशीएवढी. मी पाय पोटाशी घेतले, जितका लहान होता येईल तितका झालो. दोन हात अंतर उरलं. हात लांब केला असता तर गठ्ठ्याची दोरी बोटांत आली असती. पण दोरी ओढली आणि सायकल कलली तर? हात पुढे करायचो, मागे घ्यायचो. पुढे करायचो, मागे घ्यायचो. तेवढ्यात वळण आलं.

इथं मी थांबलो. आत ताईचं घोरणं चालू होतं, संथ, एका लयीत. जावईबापूंनी चावी केव्हा खाली ठेवली ते मला कळलं नव्हतं. ते उलट्या चाकाच्या तारेला बोट लावून बसले होते, छेडत नव्हते, नुसतंच धरून. शेंगा फुटायचा आवाज थांबला होता.

"मग?" ते म्हणाले.

मग ताईनं हँडल डावीकडे घेतलं. जपून घेतलं, कबूल केल्याप्रमाणे. सायकल कलली, सगळा भार रिमच्या एका अंगावर आला, आणि चाकानं हात टेकले. काही तुटलं नाही, काही मोडलं नाही, मोठा आवाजही नाही. गोल होतं ते एकदम घोड्याच्या खोगिरासारखं झालं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. फोर्क जमिनीत रुतला आणि मागचं चाक वर आलं. गठ्ठा सुटला. आकाशात नुसते गणवेश. निळ्या चड्ड्या, पांढरे शर्ट, बाह्या पसरून उडालेले, जणू सगळी शाळा एकदम सुटली. ताई आडवी होऊन कठड्याच्या अलीकडे आपटली आणि तिथंच राहिली.

ठकी राहिली नाही. ठकी फळीवरून सुटली आणि कठड्याच्या वर गेली.

माझ्याखाली तेव्हा साबणाच्या वडीएवढा बर्फ होता. एकच वडी. मी तिच्यावर एक पाय रोवला आणि दुसऱ्यानं उसळी घेतली. कशी घेतली विचारू नका, मला ती पुन्हा कधी जमली नाही. मी हवेत, ठकी हवेत, खाली खाण आ वासून बसलेली. सगळं कसं सावकाश झालं. तिचा झगा फुगलेला, डोळे एवढे मोठे, तोंड अजून पों म्हणायच्या आकाराचं. मी तिला बघितलं, तिनं मला बघितलं. आणि तिनं हात पुढे केले, जावईबापू, जणू रोज आम्ही इथंच भेटतो. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि पोर अशी अल्लद त्या ओंजळीत आली. फुलासारखी. मग मी हवेतच गिरकी घेतली, कठड्याला टाचेनं रेटा दिला आणि रस्त्यावर गणवेशांच्या ढिगात पाठीवर पडलो. ठकी माझ्या छातीवर बसलेली. अंगावर ओरखडा नाही. केस विस्कटले होते तेवढे. उठून बसली आणि म्हणाली, मामा, पुन्हा.

"खोटं," ठकी म्हणाली.

जावईबापू मोठ्यानं हसले. ते इतका वेळ बहुतेक श्वास धरून बसले होते, तो एकदम सुटला. "नाहीतर काय! बर्फावरून उडी! मी केव्हाचा म्हणतोय."

ठकी हसली नाही. तिनं पातेलं बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात माझ्यासमोर लांब केले. उजवा सरळ झाला. डावा कोपरापाशी वाकलेलाच अडला. कितीही ताणला तरी पुढे जाईना. हाडाचा उंचवटा कातडीखाली चुकीच्या जागी उभा होता.

जावईबापूंचं हसू ओठांवरच राहिलं. "लहानपणी पडले होते, एवढंच म्हणाली होतीस तू मला," ते म्हणाले.

"तो बर्फ खरा धरते मी, मामा," ठकी म्हणाली. "धूरही खरा. पण तू मला झेललं नव्हतंस."